न आणता आलेली लेक

इंग्रजांच्या काळात आमच्या गावात शहाणपणाचा मक्ता दुलीचंद पटल्यांकडे होता. आमगावच्या बाजारात मिशनचे एक मास्तर चिंचेखाली बसून बायबलातली शहाण्या-मूर्खांची वचनं सांगत. दुलीचंदांनी धर्म बदलला नाही, पण वचनं अशी उचलली की विचारू नका. कोणाचा बैल दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत शिरो, कोणाची सून रुसो, यांचं वचन तयार. त्यातही पुरतं ऐकून न घेता बोलणाऱ्या माणसांवर त्यांचा भारी राग. त्यावर ते तासभर बोलत आणि मध्ये कोणाला तोंड उघडू देत नसत.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाजाराला निघायचं म्हणून दुलीचंदांनी गाडी जुंपली, तोच दारात त्यांची लेक तुलसा उभी. पाय चिखलाने माखलेले, खांद्यावर लुगड्यात गुंडाळलेलं पोर, आणि सोबत कोणी नाही.

आम्हा पोवारांत लेक अशी येत नाही. बापाने नाहीतर भावाने आणायला जायचं, सासरच्यांनी पाठवायचं, मग ती येते. आपणहून आली म्हणजे भांडून आली, असंच गाव धरून चालतं. समोरच्या ओसरीवरची माणसं वळून बघू लागली. दुलीचंदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काऊन आलीस? कोनं पाठवलं तुले?"

"कोनीच नाही, बाबूजी. पोराले..."

"पोराले मधात नोको आनू!"

"आयका तरी. गाडी..."

"गाडी पायजे? पायी आलीस तशी पायी जाय. तीजेच्या सनाले मी सोता येईन आनाले, इज्जतीनं."

मग शहाणी बाई घर कसं राखते आणि मूर्ख बाई कसं मोडते, हे मास्तरांचं सगळं त्यांनी तिला दारातच ऐकवलं. तुलसाने बापाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तिने एकदा गाडीकडे पाहिलं आणि ती वळली. तिची आई गोमती रोवणीला गेली होती. ती घरी असती तर तिने पोराच्या अंगाला हात तरी लावला असता.

मला आजही संताप येतो. तुलसाला आमगावलाच जायचं होतं! पोर तापाने फणफणलं होतं, नवरा परगावी, सासरच्या गावात ऐन रोवणीत एक गाडी मोकळी नव्हती. डॉक्टर आमगावला, त्या चिंचेपासून हाकेच्या अंतरावर. आणि दुलीचंद एकटेच गाडीत बसून आमगावला गेले, वचनं ऐकायला.

पोर सासरी पोचलंच नाही. वाटेत, तळ्याच्या पाळीवर, आईच्या खांद्यावरच गेलं.

सांगावा आला तेव्हा दुलीचंद बाजारातलं नवं वचन लोकांना समजावत होते. ते अर्ध्यावर थांबले. त्यानंतर त्यांच्या तोंडून वचन कोणी ऐकलं नाही.

तीजेला ते गाडी घेऊन लेकीला आणायला गेले. तुलसाने लोटाभर पाणी दिलं, पाया पडली आणि समोर बसली. दुलीचंदांचे ओठ नुसतेच हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"बोला, बाबूजी," ती म्हणाली. "पुरं बोला. मी आयकून राहिली."

म्हातारा लहान पोरासारखा रडू लागला. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलली नाही.

गाडी रिकामी परत आली.