पाचवं विधान

सोमवारी सकाळी सव्वासातला नगरपालिकेचा ट्रक बागेत शिरला आणि अप्पा बाकावर आडवे झाले. अंगात स्वेटर, डोक्याखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र. ट्रकमधून दोन कामगार उतरले आणि त्यांनी अप्पांना उठायची विनंती केली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"काका, डुगडुगतंय ते बाक. पडाल."

"पडलो तर बाकासकट पडेन," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

शेजारच्या बाकावर त्यांचे मित्र, निवृत्त वकीलसाहेब, हातातली काठी आडवी धरून बसले होते. कामगारांनी थोडा वेळ वाट पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि ट्रक रिकामा परत नेला.

अप्पांच्या मुलीला ही बातमी वहिनीने फोनवर दिली.

"वन्सं, तुमच्या वडिलांनी आज ट्रक परतवला. घरी आल्यापासून जमिनीवर पाय नाहीत त्यांचे. दोनदा चहा झाला, तिसरा मागतायत."

"कसला ट्रक?"

"बाकं न्यायला आलेला. नगरपालिका बागेतली सगळी बाकं काढून टाकणार आहे ना. तुम्ही कुठल्या जगात असता?"

मुलगी फोन हातात धरून खुर्चीत बसली. ती विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायची. नगरपालिकेच्या कारभाराबद्दल गावात खोट्या बातम्या कशा पसरतात, हा तिचा दोन वर्षांचा अभ्यास. आणि 'नगरपालिका बागेतली सगळी बाकं काढून टाकणार आहे' हे वाक्य तिने स्वतः, याच खुर्चीत बसून रचलेलं होतं.

त्याचं असं झालं. तिचे विद्यार्थी घरोघरी जाऊन लोकांना पाच विधानं वाचून दाखवत आणि यातलं काय कानावर आलंय, असं विचारत. चार विधानं गावात खरोखर फिरणारी. पाचवं मुद्दाम बनवलेलं, कोणीच कधी ऐकलेलं नसणार असं. त्यालाही जो "हो, ऐकलंय" म्हणेल, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर फार भरवसा ठेवायचा नाही. विद्यार्थी त्याला गळ म्हणत. वाचताना आवाजात चढउतार नको, चेहऱ्यावर काही दिसायला नको, असं तिने त्यांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे ते वाक्य गावभर अगदी सरकारी सुरात वाचलं गेलं.

मुलाखत संपली की पाचवं विधान खोटं होतं हे सांगून टाकायचं, अशी पद्धत. तिने ते सगळ्या मुलाखती संपल्यावर एकदमच सांगायचं ठरवलं. आधीच्या लोकांना सांगितलं तर ते शेजाऱ्यांना सांगतील आणि पुढच्या मुलाखती बिघडतील, असा तिचा हिशोब. शेजारी शेजाऱ्यांना दुसरंही काही सांगतात, हे त्या हिशोबातून निसटलं.

पहिल्या आठवड्यात बाकांची बातमी कोणी ऐकलेली नव्हती. पुढे लोक विद्यार्थ्याला मध्येच तोडून बाकं कुठल्या ट्रकमधून जाणार तेही सांगू लागले. तिला आधी गंमत वाटली होती. आता घाम फुटला.

दुपारी ती नगरपालिकेत गेली. मुख्याधिकारी टेबलावरच्या पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवत होते.

"बाकं काढायची नाहीत, तर ट्रक का पाठवलात?"

"एक बाक डुगडुगतं, दुरुस्त करा, अशी तक्रार होती. गेल्या वर्षीची. तक्रारदार तुमचे वडील." त्यांनी सुस्कारा सोडला. "तक्रारीची दखल घेतली, तिथे चुकलं आमचं. बरं, ही पुडी कोणी सोडली ते तुमच्या अभ्यासात सापडलं का?"

निम्म्या मुलाखती अजून व्हायच्या होत्या. आत्ता खरं सांगितलं तर त्या वाया, आणि झालेल्याही कोणी धड मानणार नाही. गप्प बसावं तर डुगडुगत्या बाकावर वडील आडवे.

"सापडलं," ती म्हणाली. "मीच."

मुख्याधिकाऱ्यांनी पंखा तिच्याकडे वळवला.

"मग उद्या बागेत जाऊन तुम्हीच सांगा. आम्ही फलकावर लिहून पाहिलं. 'बाकं काढण्याचा कोणताही विचार नाही.' तुमचे वकीलसाहेब म्हणाले, विचार नाही म्हणतात, निर्णय नाही असं कुठे म्हणतात."

मंगळवारी सकाळी बागेतली सगळी बाकं भरलेली होती. गुडघेदुखीमुळे वर्षभर घराबाहेर न पडलेली माणसंही आली होती. बाकं राखायला दिवसरात्रीच्या पाळ्या लावलेल्या होत्या. मुलगी मधोमध उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वर्गात सांगते तसं, सोपं करून.

मग वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

"म्हणजे हे वाक्य तुझ्या प्रश्नांत होतं, हे तुला मान्य आहे."

"हो काका. मीच लिहिलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"बरं. काल दुपारी तू कुठे होतीस?"

ती म्हणाली, "मुख्याधिकाऱ्यांकडे."

बाकांवर कुजबुज झाली. "पोरीला हाताशी धरलं की त्यांनी," मागून कोणीतरी हळहळलं. "बिचारीची नोकरी आहे, ती तरी काय करणार."

तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा बुटाची नाडी बांधत होते. ती बांधायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

रात्री माहेरी जेवताना ते तिला म्हणाले, "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"मग तिथे का नाही बोललात?"

"काय बोलू? तुझी आई गेल्यापासून त्या बाकावर कधी मी आणि वकील, कधी मी एकटाच. आज जागा मिळेना मला." त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला. "दोन-चार दिवस जाऊ दे. मग सांगतो सगळ्यांना."

"अप्पा, माझा अभ्यास बुडाला यात."

"बुडाला कशाला? नवा विषय मिळाला की तुला," वहिनी भाजी वाढत म्हणाली. "घरातल्या घरात. जायच्या-यायच्या भाड्याचा प्रश्न नाही."

मुलीने बुधवारी उरलेल्या मुलाखती थांबवल्या आणि विद्यापीठाला तसं कळवलं. त्याच दिवशी एका नगरसेवकाने सभेत विचारलं की लोक इतके चिडलेत तर योजना असणारच, ती सभागृहापासून का लपवली? योजनाच नाही, हे उत्तर त्याला पटलं नाही. शेवटी 'बागेतील बाकांबाबत विचार करणे' हा विषय पुढच्या सभेपुढे ठेवायचं ठरलं. वकीलसाहेबांनी तो फलकावर वाचला आणि काठीने त्या ओळीवर टकटक केलं.

शुक्रवारी सकाळी अप्पा बागेत पोचले, तर त्यांचं डुगडुगतं बाक जागेवर नव्हतं. मातीत चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

मुख्याधिकाऱ्यांनी मुलीला फोनवर सांगितलं की ट्रक सोमवारपासून आवारातून हललेला नाही. दुरुस्तीच्या शेडमध्येही बाक नाही. बागेत रात्रीच्या पाळीला बसलेले दोघे म्हातारे आम्ही जागेच होतो म्हणतात. वकीलसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, मी आत्ता काही सांगणार नाही.

शनिवार दुपारपर्यंत बाकाचा पत्ता लागलेला नाही. अप्पा घरून घडीची खुर्ची नेऊन त्या चार खुणांवर बसतात, आणि मुलीचं खरं आहे हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.