बायनाबाईचा हात आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. तामचिनीची, पांढरी, निळ्या काठाची. काठावर तीन टवके उडाले आहेत आणि बुडाचं एक भोक झाळून बुजवलेलं आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हांला निरखून बघायचे कष्ट नकोत. फडताळातल्या स्टीलच्या पराती मला हसतात. हसू देत बापड्या! त्यांनी जन्मभर कणीक मळून घेतली. माझ्या बुडावर मात्र लाखो जिवांनी पहिल्यांदा जीव धरला आहे.

लोखंडी पत्रा ठोकून एका कारखान्यात मला आकार दिला, वर काचेचा लेप चढवला आणि सरळ भट्टीत घातलं. तो ताप आठवला की अजून अंग चरचरतं. पण माझा हा पांढरेपणा त्या भट्टीचाच, म्हणून तिच्यावर राग धरत नाही. तिथून मी चामोर्शीच्या आठवडी बाजारात नूर मोहम्मद भाऊंच्या दुकानात आले. त्यांनी मला बोटाने वाजवून दाखवलं आणि समोरच्या बाईला म्हणाले, "घ्या बाई, नातवाच्या लग्नापर्यंत टिकते हे."

ती बाई म्हणजे बायनाबाई. चामोर्शीपासून दोन कोसांवर, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव आहे. बायनाबाई आणि तिचा नवरा देवाजी यांची तिथे थोडी धानाची शेती. पहिली काही वर्षं मी तिच्या घरी तांदूळ निवडण्याच्या कामी होते. काम वाईट नव्हतं, पण त्यात नाव कसलं होणार?

मग गावातल्या बायांच्या बचत गटाने गावालगतची बोडी मासे पाळायला घेतली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. मागूर माशाचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, तयार करायचं शिक्षण घ्यायला गटाने बायनाबाईला पाठवलं. तिथे सांगितलं, अंडी घ्यायला पांढरं भांडं हवं, नाहीतर चांगलं अंडं आणि वाईट अंडं कळत नाही. बायनाबाई घरी आली, माझ्यातले तांदूळ तिने सुपात ओतले आणि मला घासायला घेतलं. त्या दिवशी माझं नशीब उघडलं.

मागूर हा चिखलातला मासा. मिशावाला, गुळगुळीत आणि भारी चिवट. पाण्यात गुदमरलं तर वर येऊन हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. आषाढात बायनाबाई बोडीतल्या भरल्या पोटाच्या माद्या आणायची, संध्याकाळी त्यांना अंडी सुटायची सुई द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मादीला ओल्या फडक्यात धरून ती पोटावरून अंगठा असा हलका फिरवायची, की अंडी आपसूक माझ्यात उतरायची. मागूर नराचं दूध, म्हणजे अंड्यांत जीव घालणारं त्याचं बीज, तसं पिळून निघत नाही, त्याचा जीवच द्यावा लागतो. त्याआधी ती दर वेळी दोन्ही हात जोडायची. मग ते दूध अंड्यांवर टाकून कोंबडीच्या पिसाने हळूहळू ढवळायची आणि अंडी विहिरीच्या पाण्याच्या टाक्यात सोडायची. दुसऱ्या दिवशी टाक्यात पिल्लांची नुसती वळवळ!

आठ वर्षं असं चाललं. जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या गावांतून लोक डबे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आमाले बायनाबाईच्या हातचं बी पाह्यजे." नाव तिच्या हाताचं व्हायचं, हे खरं. पण त्या हाताखाली कोण असायचं? मी! म्हणून मीही उन्हात वाळताना जरा जास्तच चमकायचे.

नवव्या वर्षी अर्धीअधिक अंडी पांढरीफटक पडली. चांगलं अंडं काचेसारखं आरपार दिसतं. मेलेलं अंडं शिजल्या भातासारखं दिसतं. गटाची अध्यक्षीण सोमारी माझ्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "परातच जुनी झाली, बाई. टवक्यातून जंग उतरून राह्यला पाण्यात."

झालं! प्लास्टिकचा नवा टब आला आणि मी कोंबड्यांना कोंडा द्यायला मागच्या अंगणात गेले. ज्यांच्या पिसाने मी जीव घडवले, त्या कोंबड्या माझ्यात चोची मारू लागल्या. मी मुकाट्याने सोसलं. मला वाटलं, निदान अंडी तरी सुधारतील.

पुढच्या आषाढात अंडी आणखी बिघडली. जी थोडी पिल्लं निघाली त्यांचा कणा वाकडा होता, ती जागच्या जागी गोल फिरायची आणि दोन दिवसांत तळाशी बसायची. आता परातीवर बोट ठेवायची सोय नव्हती. मग बोट वळलं बायनाबाईकडे. तिचा हात उतरला, असं गावात बोलू लागले. सोमारी स्वतः घरी आली. मनाने ती वाईट नव्हती, पण गटाच्या बाया तिच्या मागे लागल्या होत्या.

"बाई, राग नोको मानू," ती म्हणाली. "पण हा हंगाम गेला तं पुढच्या साली हे काम दुसरीले द्या लागन."

"माया हातात काय बिघडलं, ते तं सांग," बायनाबाई म्हणाली.

सोमारी गेल्यावर बायनाबाई मागच्या अंगणात येऊन माझ्या शेजारी बसली आणि दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघत राहिली. माझा अपमान मी गिळला होता. तिचा मात्र मला सहन होईना. मला तोंड असतं तर मी गावाला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, पाण्याकडे कुणी बघितलं नाही का? बघितलं ना! टाक्यातलं पाणी विहिरीचं, स्वच्छ. आणि बोडीचं म्हणाल तर देवाजी रोज काठावर उभा राहून सांगायचा, "पाण्यात काईच नाई. मासे मस्त पोहून राह्यले. एक तरी मेला काय?" सगळं गाव असंच म्हणायचं. मासा जिवंत म्हणजे पाणी चांगलं, ही आमची परीक्षा. हवा गिळून जगणारा मागूर कशातही जगतो, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात सरिता मॅडम आल्या. त्या चामोर्शीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. बायनाबाईचं बी बिघडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी बोडीतल्या दहा मागुरांचं थेंबथेंब रक्त काचपट्ट्यांवर घेतलं. आठ दिवसांनी सूक्ष्मदर्शक घेऊनच त्या परत आल्या आणि बायनाबाईला म्हणाल्या, "या, तुम्हीच पाहा."

बायनाबाईने एक डोळा मिटून पाहिलं. "दाणे दिसतात. दाण्यात गोल ठिपका हाये."

"त्या ठिपक्यात पिल्लू कसं घडवायचं ते सगळं बांधून ठेवलेलं असतं. मिशा कुठे, कणा कसा, सगळं. आई-बापाकडून ते पिल्लाकडे जातं. आता त्या ठिपक्याच्या बाजूला पाहा."

"बारीक तुकडे पडले हायेत." बायनाबाईने डोळा काढला. "कायनं?"

"दहा माशांवरून ठाम सांगता येत नाही, बाई. पण धानावर फवारतात ती औषधं असं करू शकतात. मासा मरत नाही. त्याची अंडी, त्याचं दूध बिघडतं. गेल्या दिवाळीआधी पाण्यात उतरलेलं औषध या आषाढात अंड्यात दिसतं."

मग बायनाबाईनेच मार्ग काढला. जंगलाकडे आणखी एक बोडी आहे, तिच्या वर एकही शेत नाही, नुसता पाऊस पडून ती भरते. तिथल्या मागुरांची एक जोडी आणायची, आपल्या बोडीची एक घ्यायची आणि दोन्हींची अंडी सगळ्या बायांसमोर काढायची. सोमारी नवा टब घेऊन आली, तेव्हा बायनाबाई म्हणाली, "टब नोको. विहीर तीच, हात तोच. जिच्यावर आळ आला ते परातबी तेच पाह्यजे."

मित्रांनो, तिने मला अंगणातून उचललं, राखेने घासलं आणि चुलीवरच्या आधणाने धुतलं. तो क्षण मी भट्टीपेक्षाही जास्त जपून ठेवला आहे.

सकाळी गटाच्या सगळ्या बाया जमल्या. आधी आमच्या बोडीतली अंडी माझ्यात उतरली आणि एका टाक्यात गेली. मला धुतलं. मग जंगलाकडची अंडी उतरली आणि दुसऱ्या टाक्यात गेली. तोच अंगठा, तेच विहिरीचं पाणी. आज हरलो तर दोघीही हरणार होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या टाक्यात मेलेल्या अंड्यांचा पांढरा कापूस साचला होता आणि चारदोन वाकडी पिल्लं फिरत होती. दुसऱ्या टाक्यात बघायला सोमारी वाकली आणि ओरडलीच, "माय वो! पाणी दिसून नाई राह्यलं, इतके पिल्लं!"

ती सरळ बायनाबाईपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "चुकलं, बाई. तुया हातात काईच दोष नाई."

इथेच गोष्ट संपली असती, तर मी माझ्या पांढरेपणाचा तोरा मिरवत बसले असते. पण बायनाबाईने हळूच आपले हात सोडवून घेतले.

"दोष हाये," ती म्हणाली. "बोडीत पाणी घेऊन येते त्या पाटावर एक दगड हाये. दोन सालाआधी धानावर तुडतुडे आले, तवापासून सारं गाव फवारणीचा पंप तिथीच धुते. पहिला पंप म्या धुतला. देवाजीनं नाई, म्या. दगड सोयीचा होता. पाणी पांढरं होऊन बोडीत गेलं, म्या डोळ्यानं पाह्यलं. मासे मेले नाईत म्हून उगी राह्यली."

देवाजी मान खाली घालून उभा होता. तिला गप्प राहता आलं असतं. सगळ्यांसमोर नाव धुऊन निघालं होतं, आणखी काय हवं होतं? पण ती बोलली. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आठ वर्षांच्या सगळ्या कौतुकाचाही वाटला नव्हता.

पुढचं सगळं गावाने केलं. बायनाबाईने देवाजीला सोबत घेऊन तो दगड पाटातून काढला. पंप आता शेतातच धुतात आणि धुवण पुन्हा धानावरच फवारतात. किडे दिसले तरच औषध, दिसले नाहीत तर नाही. शेतांचं पाणी बोडीत येऊ नये म्हणून पाटाचं तोंड वळवलं. जुन्या मागुरांचं बी घेणं थांबवलं आणि जंगलाकडचे नवे मासे बोडीत सोडले. पहिल्या वर्षी लोक धाकधुकीने बघत होते. यंदाच्या आषाढात मात्र अंडी काचेसारखी उतरली. सरिता मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं. तुटके तुकडे अजून सापडतात, पण आता शोधावे लागतात. आणि बीचं काम कुणाकडे आहे, हे विचारू नका. सोमारी स्वतः तिच्याकडे ते शिकायला बसते, आणि मला कोंबड्यांच्या वाऱ्यालाही उभी करत नाही.

मित्रांनो, पाण्यात मासा पोहताना दिसला की खुशाल आनंद माना, पण त्याची पिल्लंही कशी आहेत ते विचारा. आणखी एक गोष्ट मी रोज बघते, तीही सांगते. मला हात लावण्याआधी बायनाबाई हात धुते, आणि धुतल्यावर ते पाणी कुठे चाललं आहे तिकडे थोडा वेळ बघत उभी राहते. तुम्हीही हात धुवाल तेव्हा एकदा बघा.