फुग्यावरचे ठिपके

"यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही," अशी मी सुरुवात केली, कारण खरं सांगायची छाती होत नव्हती. "पण तुझ्याएवढा असताना माझ्याही डोक्यात असाच फुगा बसवला होता."

नात दवाखान्याच्या खाटेवर पाय हलवत बसली होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. उकळतं पाणी सांडून तिच्या डोक्याचा एक तुकडा भाजला, तिथं केस उगवत नाहीत. म्हणून सर्जननं शेजारच्या चांगल्या कातडीखाली रबरी फुगा ठेवला होता. दर आठवड्याला सुईनं त्यात थोडं खारं पाणी भरायचं. ताण पडला की कातडी नुसती ताणली जात नाही, वाढतेही. जिवंत आहे ना ती. पुरेशी वाढली की फुगा काढायचा आणि ती केसांसकट व्रणावर ओढून घ्यायची. हे आज व्हायचं होतं. शाळेतली 'दोनडोकी' ही हाक आजपासून बंद, या आनंदात पोरगी भूल द्यायची म्हणून सकाळपासून उपाशी होती आणि कुरकुरतसुद्धा नव्हती.

व्हायचं होतं म्हणतो, कारण मघाशी व्हरांड्यात माझ्या लेकीनं मला गाठलं. ती भिंगरीची आत्या. जिवंत कातडी कशी वाढते, किती ताण सोसते, याची गणितं मांडणं हे तिचं काम. संगणकावर तिनं भाचीचं डोकं जाळीजाळीनं उभं केलं होतं आणि कातडी पुरेल असं त्या गणितानं छातीठोक सांगितलं होतं. सकाळी खात्रीसाठी सर्जननं फुग्यातलं थोडं पाणी काढून पाहिलं, तर कातडीवर शाईनं दिलेले ठिपके झरझर एकमेकांजवळ आले. म्हणजे बरीचशी कातडी वाढलीच नव्हती, नुसती ताणली गेली होती. व्रणालगतची कातडी राठ, ती ताणाला दाद देत नाही. लेकीनं मात्र गणितात सगळी एकसारखी धरली होती. आज कापलं तर कडा जुळायच्या नाहीत, जखम उघडी राहील. सर्जननं पाणी परत भरलं आणि तारीख पुढं ढकलली.

"बाबा, तुम्हीच सांगा तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं," एवढं म्हणून लेक तोंड धुवायला गेली. डोळे लाल झाले होते.

आता मी तरी कुठून सांगू? मग सोडली गाडी सुसाट. माझा फुगा इतका टणक, की रस्त्यानं जाताना लोक दार समजून त्यावर टकटक करायचे. टोपी शिवणाऱ्यानं दोन टोप्या जोडून दिल्या. कातडी एवढी उरली, की सर्जननं तिचा ढोल बांधून घेतला.

भिंगरी खुदकन हसली. मला धीर आला, आणि तिथंच घसरलो. म्हटलं, आमच्या सर्जननं किती वेळा तारीख पुढं ढकलली, पण मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट मी टाळ्या पिटायचो.

तिचे पाय हलायचे थांबले.

तेवढ्यात नर्स आली, दुधाचा पेला टेबलावर ठेवून गेली. मी घाईघाईनं पेला तिला दिसू नये असा मधे सरकून बसलो आणि ढोलाचा आवाज कसा घुमायचा ते सांगू लागलो. ढोल काही घुमेना.

भिंगरीनं हात लांब करून माझं टक्कल चाचपलं, कानामागंसुद्धा पाहिलं. मग स्वतःच्या टणक फुग्यावर हात ठेवला.

"तुमच्या डोक्यावर टाक्याची एक खूणही नाही," ती म्हणाली. "आणि आज फुगा काढायचा असता, तर त्यात पाणी परत कशाला भरलं असतं? खोटं बोलताय तुम्ही, आजोबा. पुढं गेलंय ना? द्या ते दूध इकडं."