वीसपैकी एक चालू

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मनाचा फारसा चांगला नाही. आधीच सांगून टाकतो, नंतर तक्रार नको. शाळेत आलो तेव्हा आम्ही वीस भावंडे होतो. आमच्या अंगावर कापडी झाकणे असत आणि मुलांना हात धुऊनच आत सोडत.

मग एकेक भावंड बंद पडू लागले. संगणक शिकवणाऱ्या बाई त्यांना उघडत आणि त्यांचे भाग काढून मला बसवत. एकाचा पंखा, दुसऱ्याची मेमरी, तिसऱ्याचा माउस. मला जराही वाईट वाटले नाही, उलट ऐट वाढली. तेरा वर्षांत एकोणीस जण गेले आणि मी तेवढा उरलो.

बाई मला जगवत होत्या ते एका मुलीसाठी. तिला फार कमी दिसायचे. पडद्याला नाक लावून वाचायची म्हणून वर्गातली मुले तिला दुर्बीण म्हणत. बाईंनी माझ्या काही बटणांवर डिंकाचे थेंब वाळवले होते. त्या खुणांवर तिची बोटे भराभर चालत आणि पडद्यावर तळहाताएवढी अक्षरे उमटत. शालान्त परीक्षा माझ्यावर लिहायची परवानगी तिला मिळाली होती. त्यासाठी बाईंनी खेटे घालून चपला झिजवल्या होत्या.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि नवी योजना आली. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना नवी यंत्रे, वेगवान इंटरनेट, भिंतीएवढे पडदे. अट एकच, जुनी यंत्रे सगळी नादुरुस्त हवीत. एक जरी चालू सापडले, तर ती शाळा पुढच्या फेरीत, म्हणजे चार वर्षांनी.

तपासनीस साहेब आले तेव्हा दुर्बीण माझ्यावर सराव करत होती.

"हा तर चालू आहे की," साहेब म्हणाले.

हेडसरांच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी चहा पिऊन येतो," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "आल्यावर जे दिसेल ते लिहीन."

ते बाहेर जाताच हेडसरांनी बाईंना दाराशी नेऊन आवाज खाली केला. "सहाशे पोरं आहेत, बाई. एकीसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं? तुम्हीच करा. आत कुठे काय आहे ते तुम्हालाच ठाऊक."

बाई माझ्याजवळ आल्या. मग मुलीला म्हणाल्या, "जरा बाजूला हो गं, पंखा साफ करते." त्यांनी माझे झाकण काढले, त्या मुलीचीच पाण्याची बाटली उचलली आणि माझ्यात रिकामी केली. आतून फट्कन आवाज आला.

"काय झालं, बाई?"

"जुना होता गं. गेला."

साहेबांनी चहाची तारीफ केली आणि वीसही यंत्रे नादुरुस्त लिहिली.

नवी यंत्रे आठ दिवसांत आली आणि सीलबंदच कोठीच्या कुलपात गेली. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांना परीक्षेनंतरचीच तारीख सोयीची होती. बाई किल्ली मागायला गेल्या.

"एकच द्या, सर. तिच्यापुरतं."

"पाहुण्यांच्या हातूनच सील फुटायचंय, बाई. मलाही नोकरी आहे."

लेखनिक मागायची मुदत तर केव्हाच टळून गेली होती.

दुर्बिणीला परीक्षेला संगणकाच्या खोलीतच बसवले. पहाऱ्याला बाई होत्या. मला भंगारवाल्यासाठी बाजूच्या टेबलावर काढून ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले. ती तीन तास कागदाला कपाळ टेकून लिहीत होती. तिसऱ्या ओळीपासून ओळींवर ओळी चढल्या. पुढची पाने नुसती काळी झाली. एक शब्द लागेल तर शपथ.

वेळ संपल्यावर तिचा चेहरा फुलला होता. सगळे प्रश्न तिला आले होते.

"वाचता येतंय ना, बाई?"

बाईंनी पाने चाळली. "येतंय की. मोत्यासारखं अक्षर आहे," त्या म्हणाल्या आणि पुरवण्यांना दोरा बांधला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. माझे जे व्हायचे ते झाले. पण तुमच्या शाळेत नवे काही आले, तर टाळ्यांसाठी हात उचलण्याआधी एकदा विचारा, जुने कोण वापरत होते. आमच्याकडे कोणी विचारले नाही. उद्घाटनाला टाळ्या मात्र खूप पडल्या. दुर्बिणीला पहिल्या रांगेत बसवले होते, तिनेही वाजवल्या.