खुंटीवरची पट्टी

पट्टी मीच लपवली. अस्तराच्या कापडाचे तागे भिंतीला टेकवून उभे असतात, त्यांच्या मागे सरकवली आणि रिकामी खुंटी डोळ्यांत भरू नये म्हणून तिथे मापाची टेप लटकवली. घाईत टेप दोनदा खाली पडली.

"दिसते का गं कुठून?" मी विचारलं.

"नाही दिसत. पण ताई, त्यांनी खोदून खोदून विचारलं तर?" धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे माझी बहीण. पुढे आमचं शिवणाचं दुकान, मागे राहायची खोली. मी बेतते, ती शिवते आणि दोघींच्या पायांत तिची आठ वर्षांची पोर घुटमळत असते. पडलेली बटणं गोळा करून कुठेकुठे दडवते, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. काल शाळेतल्या नर्सने खारूच्या तळहातावरचा लाल वळ पाहिला आणि आज सकाळी फोन आला, दुपारी बालसंरक्षणाच्या बाई घरी येणार.

नवा कायदा झाला तेव्हा दुकानात त्याची केवढी टर उडवली होती आम्ही! आईबापांनी मारायचं नाही, सांभाळणाऱ्यांनी मारायचं नाही, मग काय पोरांना डोक्यावर घेऊन नाचायचं? धाकटी तर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची, "माझ्याकडे आरडाओरडा नसतोच. चुकली की तीच पट्टी आणते, तीच फटके मोजते. विषय संपला." गिऱ्हाइकं कौतुकाने मान डोलवायची. मला ते मोजणं ऐकवायचं नाही, मग मी कात्री जोरात चालवायचे. बोलले मात्र कधी नाही. पोर तिची, मी कोण मध्ये तोंड घालणार?

आता दोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला होता, एका घरातून मुलाला नेलं आणि त्याला परत आणायला आईबापांना कचेरीचे खेटे घालावे लागले. त्याच्या बोलण्यात निम्मा मीठमसाला असतो हे ठाऊक असूनही ते डोक्यातून जाईना. खारू नसलेलं दुकान मला नुसतं डोळ्यांपुढेही आणवेना.

"विचारलं तर काय सांगायचं?" धाकटीने खारूच्या वेणीला रिबन बांधत पुन्हा घोकून घेतलं.

"पायऱ्यांवर पडले."

बाई आल्या त्या अगदी साध्या. धुळकट चपला, खांद्याला जड पिशवी, आवाज मऊ. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. तावातावाने बोलणाऱ्या बाईशी निदान भांडता तरी येतं. त्या स्टुलावर बसल्या, खारूच्या बटणांचा खजिना पाहिला, त्यातलं एक हिरवं बटण त्यांना फार आवडलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आणि हाताला काय झालं गं?"

"पायऱ्यांवर पडले."

"दुखतंय?"

"नाही."

धाकटी ओवलेली सुई पुन्हा ओवत होती. मी खडूने रेघ ओढत होते, ती पार वाकडी गेली.

बाईंनी हिरवं बटण खारूच्या मुठीत परत ठेवलं. मग उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "बरं. गरज वाटली तर परत येईन." माझा जीव भांड्यात पडला. इतका, की जाऊ द्यायचं सोडून मी म्हणाले, "पाणी तरी घ्या."

पाणी आणायला खारू धावली. येताना मशीनच्या वायरीत तिचा पाय अडकला आणि सगळा पेला टेबलावर, बेतून ठेवलेल्या पांढऱ्या कोटाच्या कापडावर उपडा झाला.

"असू दे गं राणी, होतं असं," धाकटी हसून म्हणाली.

असं ती कधी म्हणत नाही. खारूने गोंधळून आईकडे पाहिलं, मग खुंटीकडे. मग टेबलाखालून सरपटत ती थेट ताग्यांच्या मागे शिरली. या घरात तिच्यापासून काय लपणार! पट्टी बाहेर काढली, फ्रॉकला पुसली आणि आईच्या हातात दिली. डावा हात पुढे केला, कारण उजव्याने लिहायचं असतं. डोळे मिटून घेतले.

बाई दारातच थांबल्या होत्या.

"खारू, अगं..." धाकटी म्हणाली.

"लवकर ना आई," खारू हळूच म्हणाली. "बाईंना उशीर होतोय."

धाकटीच्या हातून पट्टी सुटली आणि फरशीवर खाडकन आपटली.

"एक," खारू म्हणाली.

सकाळपासून मी एकाच भीतीने अर्धमेली झाले होते, की या बाई पोरीला घेऊन जातील. तो आकडा ऐकला आणि त्याहून मोठी भीती वाटली. त्या नुसत्याच निघून गेल्या तर?

मी खारूचा पुढे केलेला हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. धाकटीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

"बसा बाई," मी म्हणाले. "ती पडली नाही. मी सांगते."