गुरुजींच्या पायाचा नवस

बँकॉकच्या पैलतीरावर, थोनबुरीत, थाविन गुरुजी ठाऊक नाहीत असा माणूस मिळायचा नाही. जन्मभर मुलांच्या शाळेत शिस्तीचे मास्तर. हातात केस मापायला फूटपट्टी, खिशात कात्री. पोराचे केस कानाखाली उतरले, की चालली कात्री कचाकच. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. अशा माणसाला बायकोनं, लमायबाईंनी, सकाळी तांदळाच्या पेजेचा वाडगा पुढे ठेवता ठेवता सांगितलं, "उद्या तुम्हाला नाचायचंय हं."

गुरुजींना जोरात ठसका लागला.

"सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणात तुमचा उजवा पाय लुळा पडला होता ना," लमायबाई त्यांची पाठ चोळत म्हणाल्या, "तेव्हा विहारात थोरल्या बाबांच्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे नवस बोलले होते. पाय परत द्या, नाच घालते म्हणून."

"मग घाल की! मी कुठं अडवलंय?"

"मी नाही, तुम्ही नाचायचं. आता बाई! मी नाचले तर तुमचा पाय बरा झाला हे बाबांना कळणार कसं?"

गुरुजींनी एक वाट काढून पाहिली. विहारात नाचणाऱ्या पोरी भाड्यानं मिळतात. त्या बिचाऱ्या सगळ्या गावाचे नवस फेडतात.

"पाय तुमचा गेलेला आणि नाचायला भाड्याचे पाय?" लमायबाई कडाडल्या. "शेजारच्या बुन्लोमनं नवसाची उकडलेली अंडी चुकवली, तर बरा झालेला कान पुन्हा बंद पडला तिचा. दिलेलं परत न्यायला बाबांना वेळ लागत नाही!"

गुरुजींनी टेबलाखाली उजव्या पायाचा अंगठा हळूच हलवून पाहिला. हलला. तो तसाच हलत राहावा असं त्यांना फार वाटलं.

झालं. दुसऱ्या दिवशी गुरुजी होडीतून विहारात निघाले. अंगात टिकल्यांचा झगा, तो पोटावर इतका ताणलेला की श्वास घ्यायचीही चोरी, आणि डोक्यावर सोनेरी टोकदार मुकुट. बायकोनं मोबाइलवर गाणं लावलं. गुरुजींनी हात वाकवले, गुडघा उचलला, आणि एका जोडप्याच्या फुलांच्या ताटात पाय दिला.

"इथली फरशी उतरती आहे," ते पुटपुटले.

"नाचता येईना, अंगण वाकडं! चला, पुढचं कडवं."

घोडं एकदाचं गंगेत न्हालं म्हणून गुरुजी घाम पुसत धक्क्यावर आले. तर बाई उलट्या दिशेच्या होडीत चढल्या.

"अगं, घर तिकडे!"

"पण दुसरा विहार इकडे ना. नऊ विहारांत बोलले होते मी."

एका दिवसात नऊ विहार करायची आमच्याकडे रीतच आहे. पण ती मेणबत्त्या लावत, नारळपाणी पीत. टिकल्यांच्या झग्यात नव्हे. गुरुजी चरफडले, बायकोच्या माहेराचा उद्धार केला, आणि नाचले. तिसऱ्या ठिकाणी झगा उसवला. पाचव्या ठिकाणी भाड्याच्या पोरींनीच त्यांना धरून मनगट कसं वळवायचं ते शिकवलं. सातव्या ठिकाणी एका कुत्र्यानं मुकुट पळवला. आठव्या विहारात मात्र चक्क टाळ्या पडल्या, आणि गुरुजींनी कोणी पाहत नाहीसं बघून मान थोडी झुकवली.

नवव्या विहाराच्या पायरीवर एक भिक्खू बसले होते. गुरुजी त्यांना बघून जागीच थिजले. हा तर वितून! वर्गातलं पहिल्या नंबरचं वांड कार्टं. याचे केस गुरुजींनी भर प्रार्थनेत एकाच बाजूनं कापले होते.

पण अंगावरचं चीवर ते चीवर. गुरुजींना गुडघे टेकून नमस्कार करावा लागला, आणि भिक्खूंना उलट नमस्कार करायची मुभा नसते.

"या गुरुजी," वितून भन्ते आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता मापायला काही उरलं नाही बघा."

गुरुजी ताडकन उठले. "लमाय, घरी चल. याच्यापुढे मी नाचणार नाही. पाय गेला तरी चालेल!"

"चालेल?" लमायबाई मटकन पायरीवर बसल्या. आवाज पार बदलला त्यांचा. "तुम्हाला चालेल हो. डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. कोणते बाबा ऐकतील हे मला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून सगळ्यांचे पाय धरले. इथं पोचले तेव्हा दार लावलेलं. ह्या वितूननंच उघडलं, आणि माझं रडणं थांबेपर्यंत तो बसून राहिला. गुरुजी चालायला हवेत, म्हणाला."

डोळ्यांत आलेलं पाणी गुरुजींनी झग्याच्या बाहीनं पुसलं, तर टिकली बोचली.

"आम्हाला नाच पाहणं वर्ज्य असतं," भन्ते म्हणाले. "मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

गुरुजी नाचले. मुकुट नाही, झगा उसवलेला, पण उजवा पाय असा उचलला की काय सांगावं. भिंतीकडे बसलेल्या भन्तेंचे खांदे मात्र सारखे गदगदत होते.

नाच संपला तरी गुरुजी मूर्तीपुढून उठेनात. हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिले.

लमायबाईंना संशय आला. "काय मागितलंत हो?"

"हिला माझ्यासोबत खूप वर्षं ठेव, म्हटलं."

लमायबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मग एकदम थबकल्या. "आणि बदल्यात काय कबूल केलंत?"

"एक अख्खा दिवस तू तोंडातून ब्र काढणार नाहीस."

लमायबाईंनी गुरुजींकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"काढा तो झगा," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मीच नाचते."