हवा न लागलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, डाव्या हाताचा. ज्या चंद्रावर जाण्यासाठी मला शिवलं, तो मी फक्त कारखान्याच्या उंच खिडकीतून पाहिला आहे. मित्रांनो, ही गोष्ट तुम्हांला सांगून माझं काही बरं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो. सांगायला फार दिवस उरलेले नाहीत.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, एका लहान गावात माझा जन्म झाला. आमच्या कारखान्यात आधी बाळांच्या रबरी चड्ड्या आणि बायकांचे पोट आवळायचे पट्टे शिवत असत. मग चंद्राचं काम आलं. बाया त्याच राहिल्या, यंत्रंही तीच राहिली. फक्त टाका इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकाही सरकता कामा नये, असा नवा नियम आला.

मला शिवणारीचं नाव लुएला मेसिक. रोज सकाळी यंत्रापाशी बसली, की ती आधी चाकावर हात ठेवून डोळे मिटायची आणि दोन ओळींची प्रार्थना म्हणायची. त्यात कधी खंड पडला नाही. शेजारच्या बाया तिची थट्टा करायच्या.

"लुएला, देवाला म्हणावं, दोरा तेवढा सांभाळ. बाकीचं आम्ही बघतो."

ती नुसती हसायची आणि यंत्र सुरू करायची.

कॅप्टन हॉलिस ब्रँट नावाच्या अंतराळवीराचा डावा हात प्लास्टरमध्ये बुडवून त्याचा साचा काढला होता. त्या साच्यावर पातळ रबर चढवलं, तो माझा जीव. त्यावर कापडाचे थर आले, चमकते पापुद्रे आले, तळव्याला धातूच्या तारांचं विणलेलं कापड आलं आणि बोटांच्या टोकांना निळं मऊ रबर. अंगठ्याच्या खाचेत लुएलाचा एक टाका केसभर चुकला होता. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. तिनं सगळी शिवण उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

मग माझ्यात हवा भरून मला दिवसभर टांगून ठेवलं. आमच्या देखरेखीच्या बाई, मिस इर्मा, सगळ्यांना एकच गोष्ट सांगायच्या. "बायांनो, हवा चोरासारखी असते. सुईएवढी वाट दिलीत, तर तिकडे चंद्रावर माणूस जिवानिशी जातो." संध्याकाळी त्यांनी दाबमापकाचा काटा पाहिला. माझ्यातून कणभरही हवा सुटली नव्हती. त्या दिवशी लुएला घरी जाताना माझ्याकडे वळून वळून पाहत होती.

कॅप्टन मला घालून पाहायला आले. त्यांचा हात आत शिरला आणि मला कळलं, मी कशासाठी आहे. एकेक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं. त्यांनी टेबलावरची टाचणी माझ्या बोटांनी उचलली आणि म्हणाले, "मिस लुएला, माझ्या बायकोलासुद्धा माझा हात इतका ओळखीचा नसेल."

"तिनं तो प्लास्टरमध्ये बुडवून कुठं पाहिलाय, कॅप्टन?" लुएला म्हणाली, आणि सगळा शिवणविभाग हसला.

मित्रांनो, ती पाच मिनिटं. माझ्या सबंध आयुष्यात माझ्यात हात होता तो एवढाच वेळ. सरावासाठी त्यांचे दुसरे मोजे होते. मी चंद्रावर जायचा होतो, म्हणून मला कोरं ठेवलं होतं.

आणि मग कॅप्टनची फेरीच रद्द झाली. चंद्रावर पुरेसं जाऊन झालं, असं वरच्यांना वाटलं. माझ्या जोडीचा उजवा मोजा तपासणीसाठी कापून पाहिला. मी दुसऱ्या कुणाच्याच कामाचा नव्हतो, कारण दुसऱ्या कुणाचा हात माझ्यात बसतच नव्हता. म्हणून कारखान्यानं मला गावच्या वाचनालयाला देऊन टाकलं. तिथल्या एका खोलीत गावातल्या जुन्या वस्तू मांडलेल्या होत्या. दर शनिवारी ती खोली उघडायचं काम लुएलानं स्वतःहून मागून घेतलं.

कॅप्टन निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की चंद्र तर गेला, पण हा मोजा नीट ठेव. म्हातारा झालो की येईन आणि एकदा घालीन. लुएलानं वचन दिलं. त्याच संध्याकाळी तिनं मला जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, आतली हवा दाबून काढली आणि कडा तापवून स्वतःच्या हातानं सांधल्या. तिनं ती सांध तीनदा तपासली. आयुष्यभर जे शिकली, तेच तिनं माझ्यासाठी केलं. हवेला सुईएवढीही वाट ठेवली नाही.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. शाळेतली मुलं माझ्या काचेच्या पेटीला नाक लावून मला पाहायची. लुएला त्यांना माझा प्रत्येक थर बोटावर मोजून सांगायची. पुढे मुलं कमी झाली. दर शनिवारी ती येई, माझ्या काचेवरची धूळ पुसे, तिची ती दोन ओळींची प्रार्थना म्हणे आणि जाई.

दहाव्या वर्षी कॅप्टन अचानक आले. कुठल्याशा लग्नाला निघाले होते, वाटेत उतरले. केस पिकले होते, पण हात तसाच होता. मी काचेतून तो लगेच ओळखला. ते म्हणाले, म्हातारपण यायची वाट कशाला पाहायची? आत्ताच एकदा घालू का?

लुएलानं कात्री हातात घेतली. मित्रांनो, मला ते अजून दिसतं. पिशवीच्या कडेपर्यंत कात्री आली आणि तिथंच थांबली.

"नको, कॅप्टन," ती हळूच म्हणाली. "एकदा का हवा लागली, की मला तो पुन्हा असा ठेवता येणार नाही. ठरल्याप्रमाणे म्हातारपणी, एखाद्या चांगल्या दिवशी उघडू. मी आहे ना."

कॅप्टननी तिचं मन मोडलं नाही. त्यांनी काचेवर आपला तळहात टेकवला, माझ्या बरोबर समोर, आणि ते निघून गेले.

आता मला जे सांगायचं आहे, ते मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण मला तोंड नाही. रबर म्हातारं होऊ लागलं, की आतून आंबट वाफ सोडतं. ती बाहेर पडली तर रबर बरीच वर्षं टिकतं. कोंडली तर ती रबरालाच खाते. माझी वाफ माझ्याजवळच राहिली. आधी मी आतून चिकट झालो. मग तपकिरी झालो. मग वाळत गेलो. बाहेरून मी पांढराशुभ्र दिसत होतो आणि लुएला काच पुसत होती.

एकतिसाव्या वर्षी कॅप्टन मुलीचा हात धरून आले. पुढचा वसंत ते पाहतील, असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. लुएलाची बोटं आता संधिवातानं वाकली होती, तरी कात्री तिनंच चालवली. पिशवी उघडली आणि खोलीत शिळ्या व्हिनेगरसारखा वास पसरला.

कॅप्टननी हात पुढे केला. मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू! पण माझ्यात मऊपणाच उरला नव्हता. दोन बोटं अर्ध्यापर्यंत आली आणि आत वाळलेलं पान चुरडल्यासारखा आवाज झाला. त्यांनी हात लगेच मागे घेतला, जणू मला लागलं असावं. त्यांच्या बोटांना माझी तपकिरी भुकटी लागली होती. ती त्यांनी पुसली नाही.

"असू दे, मिस लुएला," ते म्हणाले. "त्या दिवशी टाचणी उचलली होती. तेवढं मला पुरे."

त्या हिवाळ्यात कॅप्टन गेले.

पुढे मोठ्या शहरातल्या संग्रहालयातून एक जाणकार बाई मला न्यायला आल्या. त्यांनी भिंगातून मला पाहिलं आणि वाफेची सगळी गोष्ट लुएलाला समजावून सांगितली. त्या फार हळुवार बोलत होत्या. लुएलानं विचारलं, हे शिवून किंवा चिकटवून काही होईल का? त्यांनी मान हलवली. मग तिनं विचारलं, "मी दहाव्या वर्षी उघडला असता तर?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तेव्हा तो मऊ असणार."

लुएलानं मान खाली घातली. ती त्या दिवशी खोलीला कुलूप न लावताच घरी गेली.

आता मी एका थंड खोलीत उघड्या तबकात पडून आहे. इथं वारा खेळता ठेवतात. तो मला तीस वर्षं हवा होता. आता त्याचा उपयोग नाही. रोज थोडी भुकटी गळते आणि तीही कुणीतरी जपून डबीत भरतं. लुएला दोनदा आली होती. माझ्यापाशी तिला प्रार्थनेच्या दोन ओळी आठवेनात, म्हणून ती नुसती बसून राहिली. तिसऱ्यांदा ती आली नाही.

तिचा राग मला कधी आला नाही. माझ्यावर तिच्याइतकी माया कुणीच केली नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हांला एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणासाठी जपून ठेवलेली एखादी वस्तू असेल, तर ज्याची आहे त्याला ती आजच द्या. चांगल्या दिवसाची वाट पाहू नका. माझ्या डाव्या तर्जनीच्या टोकाचं निळं रबर तेवढं अजून मऊ आहे. टाचणी उचलली होती, ते हेच बोट. त्याचंही आता काही करायचं राहिलेलं नाही.